सांगलीची पिचर

आष्ट्याच्या एसटी स्टँडसमोर सिकंदर नदाफचं सीट कव्हरचं दुकान आहे. त्याचा बाप कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. सिकंदर गादीवरून सीटवर आला. रिक्षा, ट्रॅक्टर, बुलेट, उसाच्या ट्रकची केबिन, कशाचीही सीट द्या, दोन तासांत नवी करून देतो. मात्र त्या दोन तासांत गिऱ्हाइकाला बेसबॉल ऐकावा लागतो. पंचक्रोशीला हे ठाऊक आहे. त्यामुळं घाईतली माणसं सीट ठेवून चहाला निघून जातात आणि निवांत असलेली मुद्दाम थांबतात.

हे वेड त्याला आठ वर्षांपूर्वी लागलं. पल्लवी मोहिते नावाच्या क्रीडाशिक्षिका एक फाटका ग्लोव्ह घेऊन दुकानात आल्या. चेंडू झेलायचा चामड्याचा पंजा, मधली वीण पार उसवलेली. सांगलीपासून कोल्हापूरपर्यंत कुणी हात लावेना. सिकंदरनं तो दिवसभर उलटासुलटा करून पाहिला आणि ट्रकच्या हुडाला वापरतात त्या दोऱ्यानं असा शिवला, की मॅडम म्हणाल्या, "चाचा, रविवारी मैदानावर या. तुमची शिलाई काय सोसते ते तरी बघा."

सिकंदर शिलाई बघायला गेला आणि खेळ बघून आला. त्यानंतर सांगली जिल्ह्याच्या मुलींच्या संघाचा एकही सामना त्यानं चुकवला नाही. गावात क्रिकेटवर बोलायला हजार तोंडं होती. बेसबॉलवर बोलणारं एकच, आणि ते कधी बंद नसायचं. संघात कोण घेतली, कोण वगळली, कुणाला कुठं उभं केलं, सगळ्यावर त्याचं मत तयार. मत पटलं नाही तर तो पल्लवी मॅडमना सरळ फोन लावायचा. मॅडम ऐकून घ्यायच्या आणि आपल्याला हवं तेच करायच्या.

त्याचा सगळ्यात जास्त जीव सृष्टी गडदेवर. कडेगावकडची पोर, मेंढरांच्या मागं वाढलेली, डावखुरी. ती पिचर होती, म्हणजे समोर बॅट घेऊन उभ्या असलेल्या मुलीला चेंडू टाकणारी. सामन्याचा निम्मा भार पिचरच्या खांद्यावर असतो. सृष्टीच्या हातून चेंडू सुटला की बॅटवालीच्या मागं बसलेल्या कॅचरच्या ग्लोव्हमध्ये फटाका वाजल्यागत आवाज व्हायचा. "गोफण हाय गोफण," सिकंदर गिऱ्हाइकाला सांगायचा. "खांदा मागं जातो, कोपर वर येतं, आन मनगट शेवटाला सुटतं. बघत राहावं गड्या."

त्याची स्वतःची धाकटी लेक शाझियाही याच संघात होती. बारावीला असलेली, बारीक अंगाची, कमी बोलणारी. दोन वर्षं ती राखीव पिचर म्हणून बाकावर बसत होती. पोरगी संघात आहे याचं सिकंदरला कौतुक होतं, पण ते थोडं निराळं कौतुक होतं. त्याच्या लेखी ती संघातली बातमीदार होती. रोज संध्याकाळी ती घरी आली की तो विचारायचा, "आज सृष्टीनं किती चेंडू टाकलं? खांदा बरा हाय न्हवं तिचा?"

या डिसेंबरात सांगलीनं आंतरजिल्हा स्पर्धेत कमाल केली. कोल्हापूरला हरवलं, सोलापूरला हरवलं आणि अंतिम फेरी गाठली. दोन्ही सामने सृष्टीच्या चेंडूवर जिंकलेले. अंतिम सामना साताऱ्याशी, साताऱ्यातच, रविवारी. गेली तीन वर्षं हाच सातारा सांगलीला लोळवत आला होता. सिकंदरनं दुकानाच्या फळीवर खडूनं लिहून ठेवलं : रविवारी दुकान बंद, चाहता साताऱ्यात.

मंगळवारी दुपारी त्याच्या फोनवर संघाची यादी आली. तो एका रिक्षाच्या सीटला फोम लावत होता. सुई तोंडात धरून त्यानं यादी वाचली, पुन्हा वाचली, आणि सुई तोंडातून काढून ठेवली.

पिचर – शाझिया नदाफ. पहिला बेस – सृष्टी गडदे.

"ह्या मॅडमला काय येड लागलंय का?" तो ओरडला.

रिक्षावाला दचकला. "काय झालं, चाचा?"

"आरं, जिनं फायनलपर्यंत आणलं तिला उचलून बेसवर उभी केली! पहिला बेस म्हंजी काय, पळत येणारीच्या आदी चेंडू झेलायचा आन पाय टेकवायचा. त्यासाठी सृष्टी? ह्ये म्हंजी वाघीण दावणीला बांधल्यागत झालं."

"मग पिचर कोण?"

"आमची शाझिया."

"मग चांगलंच की! पेढे कुटं हायत?"

"कसलं पेढे!" सिकंदर आता पुरता पेटला होता. "माझी पोर म्हणून काय खोटं बोलू? तिच्या चेंडूला जोर न्हाई. लग्नात अक्षदा टाकत्यात तसा टाकती. साताऱ्याच्या पोरी एकेक चेंडू मैदानाभायेर पाठवतील. माझ्या पोरीपायी सांगली हरली, तर मी तोंड कुटं दाखवू?"

रिक्षावाल्याची नजर दाराकडं लागली होती. सिकंदरनं वळून पाहिलं. दारात शाझिया उभी होती. सायकल कशीतरी भिंतीला टेकवलेली, कॉलेजची बॅग खांद्यावर, चेहरा उन्हानं आणि आनंदानं लाल. हातात फोन, त्यात तीच यादी. बापाला स्वतः सांगायचं म्हणून ती तासाला दांडी मारून आली होती.

तिनं फोन बॅगेत टाकला आणि आत घरात निघून गेली.

सिकंदरला चुटपुट लागली, पण तेवढ्यापुरती. आपण खरं तेच बोललो असं त्यानं स्वतःला समजावलं. संध्याकाळी सांगलीच्या एका वर्तमानपत्राचा वीरधवल नावाचा तरुण बातमीदार फोनवर आला. "चाचा, तुम्ही संघाचे सगळ्यात जुने चाहते. पिचर बदलली, तुमची प्रतिक्रिया?" आठ वर्षांत पहिल्यांदा पेपरवाल्यानं आपणहून त्याला बेसबॉलबद्दल विचारलं होतं. सिकंदरची कळी खुलली. निर्णय कसा चुकला, सृष्टीवर कसा अन्याय झाला, हळू चेंडूचा साताऱ्यापुढं कसा निभाव लागणार नाही, सगळं त्यानं सविस्तर सांगितलं. शेवटी बातमीदारानं सहज विचारलं, "नदाफ म्हणजे... नवी पिचर तुमची नात्यातली?"

"माझी मुलगी हाय. पण खेळात नातं न्हाई बघायचं."

बुधवारी सकाळी क्रीडा पानावर, बेसबॉलच्या वाट्याला कधी न आलेल्या जागेत, तीन रकान्यांचा मथळा होता : "सांगलीच्या नव्या पिचरला वडिलांचाच विरोध".

चहाच्या गाड्यावर काहींनी त्याची पाठ थोपटली. "मानलं, चाचा. असा निस्पृह माणूस पुढारी पायजेल हुता." काहींनी तोंडावर हसून घेतलं. सिकंदर पेपर काखेत मारून घरी आला, तेव्हा बायको रशीदा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिच्या पुढ्यात दुसरा पेपर आधीच येऊन पडला होता. शेजारणीनं आणून दिलेला.

"आवं, एक इचारू का?" ती मान वर न करता म्हणाली.

"इचार."

"पोरगी दोन वर्सं बाकावर बसली, तवा मॅडमला तुमी कवा फोन केला न्हाई. तिला का बसवलीय म्हणून एक शबूद काढला न्हाई. आन आज ती उभी राहिली, तर पेपरात दिलं."

सिकंदरनं काखेतला पेपर काढून चुलीजवळच्या सरपणात खुपसला.

शाझिया आतून ग्लोव्ह घेऊन बाहेर पडत होती. सरावाला निघाली होती. ती उंबऱ्यात थांबली. आवाज चढवणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"अब्बा, सृष्टीचा चेंडू कसा सुटतो ते तुमी सगळ्या गावाला सांगता. खांदा, कोपर, मनगट. माझा कसा सुटतो?"

सिकंदर आठवायला लागला. दुकानाच्या मागच्या भिंतीला जुन्या फोमचा एक तुकडा टांगलेला होता. त्यावर ती रोज पहाटे चेंडू मारायची, धप्प धप्प आवाज त्याच्या झोपेत यायचा. पण तो उठून कधी मागं गेला नव्हता.

"मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला.

"व्हय. म्हाईत न्हाई," शाझिया म्हणाली आणि गेली.

गुरुवारी पल्लवी मॅडम दुकानात आल्या. त्या चिडतील, फटकारतील असं सिकंदरला वाटलं होतं. त्या स्टुलावर बसल्या, पाणी मागून घेतलं आणि म्हणाल्या, "चाचा, गेल्या वर्षीची साताऱ्याची मॅच आठवते?"

"आठवती की. नऊ-दोन. अंपायरनं घोळ घातला."

"अंपायरनं घोळ दोनदा घातला. उरलेल्या सात वेळा सृष्टीचा चेंडू त्यांनी मारला. तीन वर्षं त्या मुली सृष्टीच्या वेगाचाच सराव करतात. त्यांचे सर लांबून धावत येऊन जोरात चेंडू टाकतात आणि त्या मारतात. आता त्यांना वेगाची भीती राहिलेली नाही. जेवढा जोरात येईल, तेवढा लांब जातो." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "शाझियाचा चेंडू हळू येतो, हे तुमचं खरं. पण तो येता येता बसतो. बॅटपर्यंत पोचता पोचता वीतभर खाली उतरतो. हे तिला मी शिकवलेलं नाही. तिची तीच शिकली, तुमच्या भिंतीवर."

"आन सृष्टी?"

"सृष्टी डावखुरी. पहिल्या बेसला डावखुरी मुलगी म्हणजे सोनं. शाझियाचा चेंडू मारला तरी जमिनीवरूनच घरंगळत जाणार, म्हणजे बहुतेक आउट पहिल्या बेसलाच होणार. तिथं मला माझी सगळ्यात खंबीर मुलगी पाहिजे. सृष्टीला विचारूनच केलंय. ती काय म्हणाली सांगू? 'मॅडम, शाझियाला घ्या, मला तिचा चेंडू सरावात पण मारता येत न्हाई.'"

सिकंदर बराच वेळ कात्रीशी चाळा करत राहिला. मॅडमचं गणित बरोबर बसत होतं. पण आठ वर्षांची मतं अशी एका दुपारी कुणाची बदलतात?

"बगू," तो म्हणाला.

"रविवारी बघा," मॅडम उठल्या. "पण एक सांगते. तुमचं पेपरातलं वाचून काल ती सरावाला आली आणि दोनशे चेंडू टाकले. रडली नाही, कुणाशी बोलली नाही. असा खेळाडू मला रोज मिळत नाही, चाचा."

रविवारी सकाळी सिकंदर साताऱ्याच्या गाडीत बसला, तर पलीकडच्या सीटवर रशीदा. आठ वर्षांत ती कधी एकाही सामन्याला आली नव्हती. "माझी पोर खेळणार हाय. मी बगणार," एवढंच बोलून तिनं खिडकीबाहेर तोंड केलं, ते साताऱ्यापर्यंत.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडून गार वारा येत होता. मैदानाभोवती सातारकरांची चांगली गर्दी होती. सांगलीकडची तीस-चाळीस माणसं एका कोपऱ्यात. सिकंदर तिकडं निघाला, तर मागून कुणी सातारकर बोललाच : "आरं, हेच त्ये! पेपरातलं! आवं चाचा, तुमी बरोबर बोलला, आमच्या पोरी आज चेंडू कराडपर्यंत मारणार!" हशा पिकला. रशीदानं वळून त्या माणसाकडं असं पाहिलं, की हसणं अर्ध्यातच राहिलं.

कोपऱ्यात सृष्टीचा बाप कोंडीबा गडदे बसला होता. पागोटं, हातात काठी, मेंढरं भावाच्या हवाली करून आलेला. सिकंदर त्याच्या शेजारी टेकला. याच्या पोरीसाठी आपण पेपरात भांडलो, हा तरी बरं बोलेल अशी त्याला आशा होती.

कोंडीबा सावकाश म्हणाला, "पेपर वाचून दावला पोरीनं. माझ्या सृष्टीचं लय चांगलं बोलला तुमी. पण तुमच्या पोरीचं आयकून त्या दिवशी घास ग्वाड लागला न्हाई बघा."

सिकंदरनं चपलेच्या टोकानं माती उकरली.

सामना सुरू झाला. पहिल्या डावात सांगलीला काही जमलं नाही. मग साताऱ्याची बॅट आली आणि शाझिया मधल्या उंचवट्यावर जाऊन उभी राहिली. इतक्या लांबून ती आणखीच बारीक दिसत होती. पहिल्या मुलीला तिनं चार चेंडू चुकीचे टाकले आणि ती मुलगी फुकटात पहिल्या बेसवर गेली. दुसरीनं सरळ फटका मारला. तिसरीनं चेंडू थेट कुंपणापर्यंत पाठवला. दोन धावा. मैदान दणाणलं.

त्या क्षणी सिकंदरच्या मनात एक गोष्ट झाली, जी त्यानं पुढं कुणाला सांगितली नाही. त्याला बरं वाटलं. बघा, मी म्हणत होतो, असं आतून कुणीतरी म्हणालं. श्वासभरच टिकलं ते. लगेच त्याचं लक्ष शेजारी गेलं. रशीदानं पदराचा बोळा मुठीत इतका आवळला होता, की बोटं पांढरी पडली होती. सिकंदरला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, मान पुढं काढली, आणि बारा-तेरा वर्षांची असल्यापासून चेंडू टाकणाऱ्या आपल्या लेकीला पहिल्यांदा नीट बघायला लागला.

ती घाई करत नव्हती. चेंडू ग्लोव्हमध्ये फिरवत होती, बोटांनी शिवण शोधत होती. हो, शिवण. दोन बोटं शिवणीवर आडवी, अंगठा खाली. सिकंदरनं उभा जन्म शिवणीवर काढला होता. ती बोटं कशी चालतात हे त्याला लांबूनही कळलं. हात वरून आला, सृष्टीसारखाच जोरात, अगदी जोरात. पण चेंडू सुटला तो संथ. बॅटवालीनं हात बघून बॅट फिरवली. चेंडू अजून पोचायचाच होता. बॅट फिरून गेल्यावर तो निवांत आला, खाली बसला आणि कॅचरच्या ग्लोव्हमध्ये शिरला.

"आरं वा!" सिकंदर म्हणाला.

"काय झालं?" रशीदानं विचारलं.

"हात खोटं बोलतोय! हात म्हणतोय जोरात येतंय, आन चेंडू येतोय फिरत फिरत. बघ, बघ आता परत!"

परत तेच झालं. ती मुलगी बाद. पुढचीनं चेंडूच्या माथ्यावर बॅट लावली, तो जमिनीवरून घरंगळला, मधल्या मुलीनं उचलून पहिल्या बेसला फेकला. सृष्टी तिथं खांबासारखी उभी. बाद. तिसरीही तशीच. तीन बाद, डाव संपला.

दुसऱ्या डावात साताऱ्याला एकही धाव नाही. तिसऱ्यात नाही. चौथ्यात नाही. सातारकरांची ओरड हळूहळू कुजबुजीवर आली. त्यांच्या मुली बॅट फिरवून बसायच्या आणि मग चेंडूकडं रागानं बघायच्या. इकडं सिकंदरचं तोंड सुटलं होतं. "ही आता बाहेरून टाकणार... बघा! हिला खाली टाकणार... बघा बसला!" आजूबाजूची माणसं त्याच्या भोवती सरकून ऐकायला लागली. एक सातारकर म्हातारा, टोपीवाला, मुद्दाम उठून इकडं येऊन बसला. "पावनं, लय जाणकार दिसताय. कुणाची ओ ही पोर?"

रशीदा त्याच्याकडं बघत होती. काय बोलतोय ते तिला ऐकायचं होतं.

"माझी," तो म्हणाला. "आमची दोघांची."

पाचव्या डावात सृष्टीनं बॅट हातात घेतली. बेसवर दोघी होत्या. तिनं असा फटका मारला की चेंडू उजव्या कुंपणाला आदळला आणि दोघी पळत घरी, म्हणजे शेवटच्या बेसला, पोचल्या. कोंडीबानं काठी आकाशाकडं उचलली. त्या डावात सांगलीनं तीन धावा काढल्या, आधीची एक. चार-दोन. सहाव्या डावात साताऱ्यानं एक परत केली. चार-तीन.

आता शेवटचा, सातवा डाव. साताऱ्याची बॅट. पहिल्या दोघी पटापट बाद झाल्या. एकच बाद बाकी. सांगलीची माणसं उभी राहिली. पण तिसरीचा साधा चेंडू सांगलीच्या मुलीच्या हातून निसटला, चौथीनं फटका मारला, आणि बघता बघता दुसऱ्या नि तिसऱ्या बेसवर साताऱ्याच्या मुली. एक फटका पडला की सामना गेला. बॅट घेऊन आली ती साताऱ्याची कर्णधार, उंच, खांद्यानं भक्कम. पहिल्या डावात कुंपणापर्यंत मारणारी हीच.

पल्लवी मॅडम मैदानात शिरल्या आणि शाझियाकडं चालत निघाल्या.

"बदलणार! सृष्टीला आणणार!" सांगलीच्या कोपऱ्यात गलका उठला. "सृष्टीला आणा! सृष्टी! सृष्टी!" आष्ट्याच्याच एकानं सिकंदरचा दंड धरला. "चाचा, तुमीच म्हणला हुता न्हवं! आता मारा हाक! तुमचं आयकतील मॅडम!"

सिकंदर उभा राहिला. स्टँडवरच्या गाड्यांच्या आवाजावरून हाक मारायची सवय असलेला त्याचा आवाज. तो सगळ्या मैदानावरून गेला.

"मॅडम! पोर बदलू नका! तिलाच टाकू द्या!"

सांगलीच्या कोपऱ्यातल्या सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. मॅडमनी वळून पाहिलं नाही. शाझियानंही नाही; तिनं फक्त टोपी जरा मागं सारली आणि पुन्हा पुढं ओढली. पहिल्या बेसवरून सृष्टीनं ग्लोव्हवर मूठ आपटली आणि काहीतरी ओरडली. मॅडम शाझियाशी दोन वाक्यं बोलल्या आणि एकट्याच परत फिरल्या.

पहिला चेंडू. कर्णधारानं मारला, प्रचंड, पण रेषेच्या बाहेर गेला. दुसरा चेंडू. बॅट आधी फिरली, चेंडू मागून आला. तिसरा बाहेर, तिनं सोडला. चौथ्याला शाझियानं बोटं जरा जास्त वेळ शिवणीवर फिरवली. हात जोरात आला. कर्णधार या वेळी शहाणी झाली होती, थांबली. पण थांबूनही चेंडू बॅटच्या खालीच बसला, आणि माथ्याला बॅट घासताच तिसऱ्या बेसकडं उड्या मारत सुटला. तिथल्या मुलीनं उचलला, फेकला, आणि घाईत फेक खाली गेली. पहिल्या बेसच्या अलीकडंच चेंडू मातीत टप्पा खाणार होता. सृष्टीनं एक पाय बेसवर रोवला, दुसरा पुढं टाकून जवळजवळ जमिनीवर पसरली आणि ग्लोव्ह मातीतून ओढत वर आणला.

चेंडू ग्लोव्हमध्ये होता. साताऱ्याची कर्णधार पाऊलभर लांब.

अंपायरचा हात वर गेला.

पुढचा बराच वेळ काय झालं ते सिकंदरला धड आठवत नाही. कोंडीबाचं पागोटं सुटलं होतं आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात होते, एवढं त्याला पुढं लोकांनी सांगितलं. मैदानात मुलींचा ढीग झाला होता. खाली कुठंतरी शाझिया. ती बाहेर आली तेव्हा केसांत माती, गाल खरचटलेला, आणि दात दिसेपर्यंत हसत होती. ती असं हसते हे सिकंदर विसरलाच होता.

वीरधवल बातमीदार वही घेऊन आलाच. "चाचा, आता प्रतिक्रिया?"

"लिव्ह," सिकंदर म्हणाला. "मॅडमचा निर्णय बरोबर हुता. माजं चुकलं. आठ वर्सं खेळ बगतोय, पण माझ्या घरामागं काय चाललंय ते बगितलं न्हाई. आन मथळ्यात तिचं पुरं नाव घाल. शाझिया सिकंदर नदाफ, पिचर, सांगली. तीन रकान्यांचाच घाल. कमी न्हाई चालायचं."

शाझिया मागं येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. सिकंदर वळला.

"तू हात खोटा दावतीस," तो म्हणाला. "येतो जोरात, आन दोन बोटं शिवणीवर आडवी. चेंडू मदल्या बोटावरून शेवटाला घरंगळतो. म्हणून बसतो."

शाझियानं आपल्या बोटांकडं पाहिलं. "अंगठा पण वडायचा असतो, अब्बा," ती म्हणाली. "त्यो तुमाला तिथनं दिसला नसंल." मग रशीदानं तिला जवळ ओढलं आणि तिच्या केसांतली माती पदरानं झाडायला लागली. सिकंदर नुसता बघत राहिला. त्याची छाती इतकी भरून आली होती, की शर्टाची गुंडी तुटते की काय असं त्याला वाटलं.

त्या रात्रीपासून आष्ट्यात शाझियाचं नाव झालं. लोक सीट घेऊन यायचे आणि सीट बाजूला ठेवून आधी पिचरला बघायचं म्हणायचे.

आठवड्यानं दुपारी राज्याच्या सराव शिबिराची यादी आली. सिकंदर मशीनवर होता, म्हणून फोन रशीदानं घेतला. ती हळूहळू वाचायला लागली. पहिल्या बेसला सृष्टी गडदे. सिकंदरनं मशीनचा पाय थांबवला. पिचर म्हणून पुण्याची कुणीतरी, नागपूरची कुणीतरी. आणि खाली, शेवटच्या ओळीत : राखीव पिचर, शाझिया नदाफ.

"राखीव?" रशीदानं चष्मा कपाळावर चढवला. "जिनं साताऱ्याला लोळवलं ती राखीव? ही यादी काढली कुणी? त्यानं मॅच बगितली तरी हाय का? नंबर द्या मला त्या माणसाचा!"

"आगं, ऐक तरी," सिकंदर घाईघाईनं उठला. "राज्याचं शिबिर म्हंजी चेष्टा न्हाई. सगळ्या महाराष्ट्रातनं पिचर म्हणून तीनच पोरी काढल्यात, त्यात आपली एक. निवडणारं जाणकार असत्यात, त्यांचं काय गणित असंल..."

"गणित बिणित काय न्हाई! त्या पेपरवाल्या पोराला फोन लावा. माझी प्रतिक्रिया घ्यायला सांगा."

दारात बुलेटची सीट घेऊन आलेलं गिऱ्हाईक तोंडावर हात धरून हसत होतं. सिकंदरनं त्याला स्टूल पुढं केलं. "बसा पावनं," तो म्हणाला. "आज कामाला जरा येळ लागंल. आमच्या घरात आता दोन चाहते झालेत."